बाळंतपणाच्या नावावर खपवलेलं म्हातारपण

"दोन मुलांची आई वाटत नाहीस हं!"

हे वाक्य कौतुक म्हणून म्हटलं जातं आणि ऐकणारीही ते कौतुक म्हणूनच पदरात घेते. मीही घेतलंय, खोटं कशाला बोलू? घरी येऊन आरशात पाहिल्यावर जरा बरंही वाटलंय. पण वाक्य उलटून पाहिलं की आतलं अस्तर दिसतं. दोन मुलांची आई कशी दिसते हे बोलणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेलं असतं: पोट सुटलेलं, केस विरळ झालेले, डोळे खोल गेलेले, चेहऱ्याची रया गेलेली. मी त्या चित्रात बसले नाही म्हणून ही शाबासकी. "दोन मुलांचा बाप वाटत नाहीस" असं म्हणून कुणी कुणाला खूश केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

या विषयावर दोन टोकांची बोलणी कानावर येतात. आई झाली की बाई उजळते, तिच्या चेहऱ्यावर तेज येतं, हे एक. मुलं झाली की बाईचं रूप गेलंच म्हणून समजा, हे दुसरं. यातलं पहिलं जाहीर समारंभात म्हणायचं आणि दुसरं स्वयंपाकघरात. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे, पण ते खरं निवडून बाजूला काढायची तसदी सहसा कुणी घेत नाही. मला वाटतं ते असं: मूल जन्माला घालण्याच्या खुणा शरीरावर राहतात, त्यातल्या काही जन्मभर राहतात आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मात्र आईच्या चेहऱ्यावर जे वय चढतं, त्यातलं बरंचसं गर्भारपणातून आलेलं नसतं. पुढच्या वर्षांत घरातलं काम आणि झोप कशी वाटली गेली, त्यातून ते आलेलं असतं. खर्च एकाने करायचा आणि मांडायचा मात्र दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार आहे.

आधी शरीराकडे पाहू. तिथे खरोखर काय होतं हे माहीत असलं की निम्मी भीती जाते.

केसांचं उदाहरण घ्या. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलेलं असतं, त्यामुळे केस वाढीच्या अवस्थेत जास्त काळ राहतात. एरवी रोज गळून गेले असते ते केसही डोक्यावर टिकतात, आणि वेणी हाताला जाड लागते. 'तेज' म्हणतात त्यातला एक भाग हाच. दुसरा भाग रक्ताचा. शरीरातलं रक्त या काळात ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे त्वचेखाली लाली येते. प्रसूती झाली की इस्ट्रोजेन धाडकन खाली येतं आणि इतके दिवस थांबलेले केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. तिथून ते गळेपर्यंत दोन ते चार महिने जातात. म्हणजे बाळ आईकडे बघून नुकतं कुठे ओळखीचं हसू लागलेलं असतं आणि नेमके त्याच दिवसांत कंगव्यात पुंजके येऊ लागतात. बाई घाबरते. टक्कल पडणार, अंगावर पाजल्यामुळे सगळा कस निघून चाललाय, असं तिला वाटतं, आणि तसं सांगणारेही भेटतात. खरं तर गळतात ते बहुतेक नऊ महिन्यांत गळायचे राहिलेले केस. थकलेली उधारी एकदम वसूल झाली, एवढंच. वर्षभरात बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. तरीही गळत राहिले तर थायरॉइड आणि रक्तातलं लोह तपासून घ्यावं. एवढी साधी माहिती नववा महिना लागायच्या आत कुणी दिली असती, तर कितीजणींचं न्हाणीघरातलं रडणं वाचलं असतं.

वांगाचं तसं नाही. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर येणारे हे तपकिरी डाग संप्रेरकांनी सुरू होतात आणि उन्हाने पक्के होतात. काहींचे बाळंतपणानंतर फिके होत जातात, काहींचे वर्षानुवर्षं राहतात. गडद वर्णाच्या बायकांना याचा त्रास जास्त, कारण त्यांच्या त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी जास्त सक्रिय असतात. इथे ऊन टाळणं आणि सनस्क्रीन लावणं याला खरंच अर्थ आहे. पोटावरच्या ताणाच्या रेघांना मात्र उपाय लावून लावून बाया थकतात आणि कंपन्या श्रीमंत होतात. निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांना या रेघा येतात. त्या येऊ नयेत म्हणून लावायच्या तेलांचा आणि मलमांचा आढावा २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने घेतला होता. सहा चाचण्या, ८०० स्त्रिया. यातल्या कुठल्याही मलमाने रेघा टळतात असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यात सापडला नाही. पोट किती ताणलं जातं आणि आईवडिलांकडून कशी त्वचा आली, यावर बहुतेक ठरतं. लाल-जांभळ्या असताना त्या डोळ्यांत भरतात, पुढे रुपेरी होऊन त्वचेत मिसळतात. पुसून मात्र जात नाहीत.

पोटाचा विषय जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण सगळ्यात जास्त टोमणे त्याच्याच वाट्याला येतात. पोटाच्या मध्यावर दोन उभे स्नायू असतात. गर्भ वाढतो तसे ते एकमेकांपासून दूर सरकतात. नॉर्वेत पहिलटकरणींची पाहणी झाली, ३०० जणींची, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के स्त्रियांच्या स्नायूंमध्ये फट होती. वर्षभरानंतरही सुमारे एकतृतीयांश जणींच्या पोटात ती होतीच. म्हणजे बाळ वर्षाचं झालं तरी जिचं पोट पुढे दिसतं, ती आळशी आहे असा निष्कर्ष काढण्याचं काही कारण नाही. तिने हजार उठाबश्या काढल्या तरी ती फट मिटेलच असं नाही. उलट पोटावर जोर देणारे काही व्यायाम घाईने सुरू केले तर पोट मध्यभागी उंचवट्यासारखं वर येतं. अशा वेळी फिजिओथेरपिस्टकडे जायचं असतं, आणि "पोट कमी करा आता" असा सल्ला देणाऱ्या माणसांपासून लांब राहायचं असतं.

आणखी एक समज, आणि माझ्या मते सगळ्यात नुकसान करणारा: अंगावर पाजलं की स्तन ओघळतात. या भीतीपायी दूध लवकर तोडणाऱ्या आया मला माहीत आहेत. अमेरिकेत केंटकीतल्या शल्यविशारदांनी २००८ मध्ये ९३ मातांचा अभ्यास मांडला. त्या सगळ्या स्तनांची ठेवण सुधारून घ्यायला आल्या होत्या. स्तनपानाचा आणि ओघळण्याचा संबंध त्यात आढळला नाही. संबंध आढळला तो वयाचा, गर्भारपणांच्या संख्येचा, वजनाचा, मुळातल्या आकाराचा आणि सिगारेटचा. स्तन मोठे होतात, ताणले जातात ते गर्भारपणातच. बाळाने दूध प्यायलं काय किंवा बाटली घेतली काय, तो ताण पडायचा तेवढा आधीच पडून गेलेला असतो. बिचाऱ्या दुधाला उगाच बदनाम केलंय.

पायांकडे कुणाचंच लक्ष नसतं. गरोदरपणात वजन वाढतं, सांधे सैलावतात, आणि तळपायाची कमान जराशी खाली बसते. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात बऱ्याच जणींचे पाऊल पहिल्या बाळंतपणात दोन ते दहा मिलिमीटरने लांबलेलं आढळलं, आणि ते परत आखडलं नाही. जुन्या चपला का टोचतात हे कळायला मला पहिल्या मुलाचा दुसरा वाढदिवस उजाडावा लागला होता.

दातांबाबत म्हण आहे, एक मूल म्हणजे एक दात. बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम शोषून घेतं ही समजूत चूक आहे. दातातून कॅल्शियम असं निघत नाही. हाडांतून निघतं, अंगावर पाजताना तर नक्कीच, आणि दूध तुटल्यावर ते बहुतांशी भरूनही येतं. पण म्हण अगदीच पोकळ नाही. युरोपातले देश आणि इस्रायल मिळून सुमारे ३४,८०० प्रौढांच्या माहितीवर २०१८ मध्ये एक अभ्यास झाला. त्यातली युक्ती मला आवडली. पहिली दोन मुलं सारख्याच लिंगाची असली की आईवडील तिसऱ्याकडे वळण्याची शक्यता वाढते. हा योगायोग धरून संशोधकांनी दोन मुलांच्या आणि तीन मुलांच्या आयांची तुलना केली. तीन मुलांच्या आयांना सरासरी चार दात कमी होते. बापांच्या दातांवर काहीच परिणाम नव्हता. मग हे दात जातात कुठे? गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं, उलट्यांचं आम्ल दातांवर येतं. पण त्यानंतर? घरात तीन लहान मुलं असलेली बाई दातांच्या डॉक्टरकडे जाणं पुढे ढकलते, आणि ढकलतच राहते. म्हणजे इथपर्यंत शरीर होतं, इथून पुढे वेळापत्रक आहे. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं हे दातांइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

आता वर सांगितलेली यादी पुन्हा आठवा. पोट, छाती, पाय, केस, दात. चेहऱ्यावर राहिलं काय? वांग. सुरकुत्यांचं नाव कुठे आलं नाही. चेहऱ्याच्या सुरकुत्यांचे मुख्य कर्ते ऊन, तंबाखू, आनुवंशिकता आणि पुढे रजोनिवृत्ती. डेन्मार्कमध्ये साठीच्या आसपासच्या आणि पुढच्या जुळ्या बहिणींच्या १०२ जोड्यांची छायाचित्रं दाखवून लोकांना वयं ओळखायला सांगितली होती. दिसणाऱ्या वयातला सुमारे ६० टक्के फरक आनुवंशिकतेचा निघाला. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, कमी होतं, आणि ते मूल असलेलीचं होतं तसं नसलेलीचंही होतं.

मग तरीही आपल्याला का वाटतं की मुलांनी म्हातारं केलं? एक कारण अगदी साधं आहे. मूल हे घरातलं चालतंबोलतं कॅलेंडर असतं. आई अठ्ठावीसची असताना पहिलं झालं, बत्तिसाव्या वर्षी दुसरं, आणि ती चाळिशीला टेकल्यावर जुना अल्बम उघडते. बारा वर्षांचा फरक तिला दिसतो आणि त्या बारा वर्षांत घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणून मुलं दिसतात. दोष त्यांच्यावर जातो. तिच्या बिनमुलांच्या बहिणीचीही तीच बारा वर्षं गेली, पण 'आधी' आणि 'नंतर' अशी रेघ मारायला तिच्याकडे काही नाही.

तर मग पेशींच्या आत काय होतं? गेल्या काही वर्षांत याबद्दलचे मथळे बाईला धडकी भरवणारे आले आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या १,९५४ स्त्रियांच्या नमुन्यांवरून सांगितलं गेलं की मूल झालेल्यांचे टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांची, वयाबरोबर झिजत जाणारी संरक्षक टोपणं, ४.२ टक्के आखूड होती. वयाच्या भाषेत ते सुमारे ११ वर्षं. हा आकडा तेव्हा सगळीकडे फिरला. दोन वर्षं आधी, २०१६ मध्ये, ग्वाटेमालातल्या माया समाजातल्या ७५ स्त्रियांवरचा अभ्यास आला होता, तेरा वर्षांच्या अंतराने घेतलेल्या नमुन्यांचा. त्यात जास्त मुलं असलेल्या आयांचे टेलोमिअर लांब आढळले. तो मथळा फारसा कुठे गाजला नाही. संशोधकांनी याची जी संभाव्य कारणं दिली, त्यातलं एक मला इथे महत्त्वाचं वाटतं: त्या समाजात लेकुरवाळ्या बाईच्या मदतीला नातेवाईक आणि शेजारी धावून येतात.

दोन्हींतलं एक खरं आणि एक खोटं असं नाही. अमेरिकेतला अभ्यास म्हणजे एकाच क्षणाचं छायाचित्र. आधी टेलोमिअर आखूड होते की मुलांमुळे झाले, हे छायाचित्रावरून कळत नाही. ग्वाटेमालाचा नमुना लहान. फिलिपिन्समधल्या तरुणींवरच्या कामातून २०२४ मध्ये जरा धिम्या आवाजातलं उत्तर आलं. प्रत्येक गर्भारपणामागे दोन-तीन महिन्यांचं जास्तीचं जैविक वय (म्हणजे पेशींवरून मोजलेलं वय), आणि तेच वय असलेल्या बापांमध्ये असं काही नाही. त्याच वर्षी येल विद्यापीठातून ११९ स्त्रियांचा अभ्यास आला. गर्भारपणात जैविक वय वर्षा-दोन वर्षांनी पुढे सरकलं, आणि प्रसूतीनंतर तीन महिन्यांत ते उलटं फिरलं. काहींच्या बाबतीत तर पुढे सरकलं होतं त्याहून जास्त मागे आलं. अंगावर पाजणाऱ्यांचं जास्त मागे आलं. मेंदूकडे पाहिलं तर उत्तर आणखी वेगळं. ब्रिटनमधल्या सुमारे १२,००० मध्यमवयीन स्त्रियांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, तर मुलं झालेल्यांचे मेंदू जरासे तरुण दिसले. स्तनांच्या कर्करोगाचा धोका प्रत्येक जन्मामागे सुमारे ७ टक्क्यांनी आणि स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी होतो, हे ३० देशांतल्या ४७ अभ्यासांच्या एकत्रित मांडणीतून २००२ मध्येच पुढे आलं. एकाच बाईचा एक अवयव म्हातारा, एक तरुण. यातून तिच्या रूपाबद्दल एका वाक्यातला निकाल देणाऱ्याला मी गंभीरपणे घेत नाही.

झोपेवर मात्र इतके फाटे फुटत नाहीत.

जर्मनीत ४,६५९ आईवडिलांना वर्षानुवर्षं झोपेबद्दल विचारत गेले. पहिल्या तीन महिन्यांत आईची झोप रोज सरासरी एका तासाने कमी झाली, बापाची पंधरा मिनिटांनी. पूर्वीइतकी झोप दोघांनाही सहा वर्षांपर्यंत परत मिळाली नाही, तेव्हाही आई वीस मिनिटं मागे, बाप पंधरा. कॅलिफोर्नियात ३३ मातांचा एक छोटा अभ्यास २०२१ मध्ये झाला. बाळ सहा महिन्यांचं असताना जिला सात तासांहून कमी झोप मिळत होती, तिचं जैविक वय बाळ वर्षाचं झालं तेव्हा इतरांपेक्षा तीन ते सात वर्षांनी जास्त भरलं. ३३ बायकांवरून जगाबद्दल बोलू नये हे मान्य. पण चेहऱ्याबद्दलचा पुरावा त्याहून थेट आहे. स्टॉकहोममध्ये २३ जणांचे फोटो दोनदा काढले: एकदा पुरेशी झोप झाल्यावर, एकदा कमी झोपेनंतर ३१ तास जागं ठेवून. उजेड तोच, कॅमेरा तोच, चेहऱ्यावर काही लावलेलं नाही. ६५ अनोळखी माणसांना ते फोटो दाखवले. जागरणाचे चेहरे त्यांना थकलेले वाटले हे उघडच आहे, पण कमी निरोगी आणि कमी सुंदरही वाटले. या प्रयोगात मुलाबाळांचा काही संबंध नव्हता. एका रात्रीचा हा फरक. आता याला वर्षं जोडा.

"आईच्या झोपेचं खोबरं होणारच, दूध काय बाप पाजणार आहे?" असं इथे कुणी तरी म्हणेल. बरोबर आहे, दूध बाप पाजणार नाही. पण बाळ रात्री उठतं तेव्हा दूध पाजणं हे वीस मिनिटांचं काम असतं आणि बाकी तासभर दुसरंच चालतं. लंगोट बदलायचा, ढेकर काढायची, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायच्या, कपडे बदलायचे, झोपलेल्याला खाली ठेवताना तो पुन्हा जागा होऊ नये म्हणून श्वास रोखायचा. यातल्या कशाला स्तन लागतात? आणि दूध सुटल्यावर तर तोही मुद्दा उरत नाही. चार वर्षांच्या मुलाला रात्री ताप आला तर थर्मामीटर कोण शोधतं, हे घराघरांत ठरून गेलेलं असतं. दिवसाचंही तेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालात जगभरातल्या बिनपगारी घरकाम आणि संगोपनापैकी ७६.२ टक्के काम बायका करतात असं दिलं आहे. बाईचे रोजचे ४ तास २५ मिनिटं, पुरुषाचे १ तास २३ मिनिटं. त्या तीन तासांत व्यायाम बसला असता, दातांचा डॉक्टर बसला असता, केसांना तेल लावून निवांत बसणं बसलं असतं. पुस्तकही.

म्हणून मी म्हणते, चेहऱ्यावर जे दिसतं त्यातलं बरंचसं मुलाने केलेलं नसतं. मूल झाल्यावर जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही, ते तिथे दिसतं. हे निसर्गाचं कारस्थान असतं, तर पुरेशी मदत असलेल्या आणि मदत नसलेल्या आया सारख्याच दिसल्या असत्या. बाळंतपणानंतर दोन महिन्यांत सपाट पोटाने रेड कार्पेटवर येणाऱ्या नट्यांचे फोटो पाहताना आपण त्यांच्या शिस्तीचं कौतुक करतो. रात्रीची दाई, आहारतज्ज्ञ, व्यायाम घेणारी बाई आणि फोटोवर काम करणारा माणूस फोटोत नसतात.

बापांचं काय होतं, तेही सांगायला हवं. अमेरिकेत १०,२५३ मुलग्यांचा त्यांच्या किशोरवयापासून वीस वर्षं मागोवा घेतला. मुलांसोबत राहणाऱ्या नव्या बापांचं वजन उंचीच्या प्रमाणात २.६ टक्क्यांनी वाढलं, सहा फुटी माणसासाठी सुमारे दोन किलो. याच काळात ज्यांना मूल नव्हतं त्यांचं किंचित घटलं. म्हणजे मूल झाल्याने बापाचंही पोट सुटतं, तेही गर्भ न धरता. त्याला आपण काय म्हणतो? संसार मानवला म्हणतो. आणि तिला? अंग सोडलं म्हणतो.

काही जणींना हा सगळा विषयच उथळ वाटेल. जीव धोक्यात घालून माणूस जन्माला घातला आणि तुम्ही पोटावरच्या रेघा मोजता? मला या आक्षेपाचा आदर आहे, पण तो अर्धाच पटतो. आपण बरं दिसावं असं वाटणं हा गुन्हा नाही, आणि आई झाल्यावर ती इच्छा सोडून द्यायची असते असाही नियम नाही. याच कारणासाठी एखादीला मूलच नको असेल तर तोही तिचा प्रश्न. तिला एवढंच सांगावंसं वाटतं की निर्णय घेताना ११ वर्षांच्या मथळ्यावर घेऊ नकोस. आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण रूपाच्या गोंगाटात ज्याबद्दल बोलायला हवं ते बुडून जातं.

शिंकताना, हसताना, धावताना लघवीचे थेंब सुटणं. याबद्दल किती बायका बोलतात? नॉर्वेत १५,००० हून जास्त स्त्रियांच्या २००३ च्या अभ्यासात मूल न झालेल्यांपैकी १०.१ टक्क्यांना लघवीवर ताबा न राहण्याचा कुठला ना कुठला त्रास होता, सिझेरियन झालेल्यांपैकी १५.९ टक्क्यांना आणि नैसर्गिक प्रसूती झालेल्यांपैकी २१ टक्क्यांना. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं की प्रसूतीमुळे दीर्घकाळ टिकणारा एखादा तरी आजार दरवर्षी किमान चार कोटी स्त्रियांना जडतो. त्यात संबंधांच्या वेळी वेदना ३५ टक्क्यांना, कंबरदुखी ३२ टक्क्यांना. कंबर धरलेली बाई वाकून चालते, वाकून चालणारी बाई म्हातारी दिसते, आणि आपण तिला चेहऱ्यासाठी मलम सुचवतो. पोट आणि स्तन एकाच शस्त्रक्रियेत 'पूर्ववत' करून देणारी पॅकेजं शल्यविशारद विकतात, त्यांना आईच्याच नावाचं गोंडस नावही आहे, 'मम्मी मेकओव्हर'. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कुणाला दिसत नाहीत, म्हणून त्यांचं पॅकेज निघत नाही. फ्रान्सने मात्र १९८० च्या दशकापासून ते मनावर घेतलं. बाळंतपणानंतर या स्नायूंच्या व्यायामाची सत्रं तिथे डॉक्टर लिहून देतात आणि खर्च सरकारी विम्यातून होतो. तिथल्या बायका कायम तरुण राहतात असा माझा दावा नाही. पण शिंक आली तर पाय आवळून उभं राहावं लागणार नाही याची काळजी सरकारने घ्यावी, ही मला तेजाच्या कवितांपेक्षा जास्त आदराची गोष्ट वाटते.

माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासणीला गेले होते. बाळाचं वजन झालं, लसी झाल्या, टाके पाहिले. मी किती झोपते हे कुणी विचारलं नाही. निघताना तिथल्या एका बाईंनी मात्र प्रेमाने सांगितलं, "आता जरा स्वतःकडे लक्ष दे हं, फार उतरलाय चेहरा." माझ्यासोबत आलेला नवरा बाहेर बाकावर बसल्या बसल्या घोरत होता.

परवा एका लग्नात माझ्या मैत्रिणीला कुणी तरी तेच जुनं वाक्य ऐकवलं. तीन मुलांची आई वाटत नाहीस हं, लावतेस तरी काय चेहऱ्याला? ती म्हणाली, "काही नाही. रात्री आमच्याकडे हा उठतो." विचारणारी बाई जरा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने क्रीमचं नाव पुन्हा विचारलं.